दोन नावांमधली तिरपी रेघ

वाचकाचं पत्र

मी ३१ वर्षांची, डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी करते. लग्नाला चार वर्षं झाली. कॉलेजात असल्यापासून बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेवरचं फॅन फिक्शन, म्हणजे चाहत्यांनी त्याच पात्रांवर लिहिलेल्या कथा, वाचते, त्यातही शेरलॉक होम्स आणि जॉन वॉटसन यांच्या प्रेमाचं, म्हणजे स्लॅश. गेली सहा वर्षं टोपणनावानं लिहितेसुद्धा. १४ कथा झाल्या आहेत. यंदा भाऊबीजेला घरच्या टॅबवर माझं पान उघडलं गेलं आणि चुलत दिरानं वरचे टॅग आणि दोन परिच्छेद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवले. सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, "चांगल्या घरातली मुलगी असली घाण वाचते?" नवरा गप्प बसला. रात्री एवढंच म्हणाला, "दोन पुरुषांचं वाचून तुला काय मिळतं? माझ्यात काही कमी आहे का?" मला उत्तर सुचलं नाही. माझ्यात काही विकृती आहे का? हा गुन्हा आहे का? कथा आणि खातं सगळं पुसून टाकू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

या आठवड्यात एकही कथा पुसू नका. कथा पुसली की तिच्याखालचे वाचकांचे अभिप्रायही जातात आणि ते परत आणायची सोय नसते. कथांचं काय करायचं याचे मार्ग पुढे सांगतो. पुसायचा मार्ग महिनाभरानंही मोकळाच असेल, म्हणून त्याची घाई नको.

तुमच्यात विकृती नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. दोन पुरुषांमधलं प्रेम आजार नसेल, तर त्या प्रेमाची गोष्ट वाचणं आजार होत नाही. वाचनाची काळजी करायची ती वेगळ्या खुणा दिसल्या तर: झोप रोज तुटते आहे, कामात चुका होताहेत, घरातलं बोलणं टाळण्यासाठीच फोन हातात घेतला जातो आहे. या खुणा कोणत्याही वाचनात दिसू शकतात, आणि तुमच्या पत्रात त्या नाहीत.

तुमच्या पत्रात आहे ती लाज, आणि ती भाऊबीजेच्या दिवशी बाहेरून तुमच्यावर टाकली गेली आहे. एखाद्याचं खाजगी वाचन त्याला न विचारता, मधूनच दोन परिच्छेद तोडून, हसण्यासाठी मोठ्यानं वाचलं तर कोणताही मजकूर ओंगळ वाटेल. नवराबायकोच्या पत्रांचंही तेच होईल. तुमच्याच मालिकेच्या बाबतीत हे एकदा जगासमोर घडलं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये तिसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागाचा खास खेळ झाला. त्यानंतरच्या गप्पांत सूत्रसंचालक पत्रकारानं बेनेडिक्ट कंबरबॅच आणि मार्टिन फ्रीमन यांना त्यांच्याच पात्रांवरच्या एका स्लॅश कथेतला उतारा मोठ्यानं वाचायला लावला. कथा जिची, तिला कुणी विचारलं नव्हतं. चाहत्यांमध्ये त्यावर संताप उसळला तो याच कारणासाठी. कथा बरी की वाईट हा प्रश्न नव्हता, ती कुणाच्या परवानगीनं भर सभेत नेली हा होता. तुमच्या दिरानं केलं ते छोट्या प्रमाणावर हेच.

टॅगांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घरच्यांना सगळ्यात विचित्र तेच वाटले असणार. स्लॅश न वाचणाऱ्या माणसाला टॅग म्हणजे जाहिरात वाटते. खरं तर तो खोक्यावरचा मजकूर असतो, 'यात शेंगदाणे आहेत' असा. तुम्ही लिहिता त्या एओथ्री या संकेतस्थळावर कथेला आधी पाचपैकी एक दर्जा द्यावा लागतो: सर्वांसाठी, किशोरवयापासून पुढे, प्रौढ, उघड लैंगिक वर्णन, किंवा दर्जा न दिलेला. मग ठरावीक गंभीर इशारे: हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीन पात्राचा लैंगिक संबंध. यातलं काहीच नाही असं सांगता येतं, किंवा सांगायचं नाही असंही निवडता येतं. त्यानंतर पात्रांची नावं. दोन नावांमध्ये तिरपी रेघ असेल तर प्रेम किंवा शरीरसंबंध, 'आणि'चं चिन्ह असेल तर मैत्री. शेवटी लेखिकेचे स्वतःचे शब्द: स्लो बर्न म्हणजे प्रेम जमायला फार वेळ लागणार, हर्ट/कम्फर्ट म्हणजे एक कोसळतो आणि दुसरा सावरतो, फिक्स-इट म्हणजे मूळ गोष्टीत जे जिव्हारी लागलं ते इथे दुरुस्त केलं आहे. छापील कादंबरी हातात घेताना आत काय आहे ते इतकं स्पष्ट कुठेच लिहिलेलं नसतं. या टॅगांमुळे नको ते टाळता येतं, आणि एखाद्याला खिजवायचं असेल तर तेच टॅग पहिल्यांदा हातात सापडतात.

आता या रेघेचा इतिहास, कारण नवऱ्याशी बोलताना तो तुमच्या उपयोगी पडेल. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ चालली. ती बंद पडल्यावर चाहत्यांनी, त्यातही मोठ्या संख्येनं बायकांनी, तिच्या गोष्टी स्वतः लिहायला घेतल्या आणि फॅनझिनमधून, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या टंकलिखित अंकांमधून, टपालानं एकमेकींना पाठवल्या. मालिकेतला कॅप्टन कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक या दोघांच्या प्रेमाची छापली गेलेली पहिली कथा म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती डायान मर्चंट या ऑस्ट्रेलियन बाईंची, १९७४ मध्ये 'ग्रप' नावाच्या फॅनझिनमध्ये आलेली. त्या कथेत दोघांची नावंसुद्धा नाहीत. इतकी धास्ती होती, आणि ती बाहेरच्या जगाचीच नव्हती. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांमध्येही पुष्कळांना हा आपल्या कॅप्टनचा अपमान वाटे. पुढे 'कर्क/स्पॉक' असं लिहायची पद्धत पडली आणि त्या रेघेच्या इंग्रजी नावावरून 'स्लॅश' हा शब्द आला. असे अंक मागवताना आपण सज्ञान असल्याचं लिहून द्यावं लागे आणि बहुतेक लेखिका टोपणनावानं लिहीत. तुम्ही टोपणनाव घेतलंत त्यात लपवाछपवी नाही, ती ५० वर्षांची रीत आहे.

त्यानंतरची प्रत्येक पिढी हुसकावली गेली. १९८१ मध्ये लुकासफिल्मनं 'स्टार वॉर्स'च्या फॅनझिनवाल्यांना उघड लैंगिक कथा चालणार नाहीत असं कळवलं. २००२ मध्ये फॅनफिक्शन डॉट नेट या कथांच्या संकेतस्थळानं सर्वांत प्रौढ दर्जाच्या कथांवर बंदी घातली. २००७ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळानं शेकडो खाती एका फटक्यात बंद केली, त्यात निव्वळ कथा लिहिणाऱ्याही सापडल्या. त्याच वर्षी चाहत्यांनी स्वतःची ना-नफा संस्था उभारली आणि तिनं नोव्हेंबर २००९ मध्ये 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' सर्वांसाठी खुलं केलं, ज्याला तुम्ही एओथ्री म्हणता. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथेच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या फेब्रुवारीअखेरीस ते चीनमध्ये दिसेनासं झालं. एका चिनी अभिनेत्यावर लिहिलेल्या स्लॅश कथेवरून त्याच्या चाहत्यांनी तक्रारींची मोहीम काढली होती, त्यानंतर दोनच दिवसांत.

या सगळ्यात आम्हाला सगळ्यात बोलकं वाटतं ते उदाहरण मात्र तुमच्या शेरलॉकचंच. १९३४ मध्ये न्यूयॉर्कला होम्सच्या चाहत्यांची 'बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स' ही मंडळी जमली. १९४१ मध्ये तिथे रेक्स स्टाउट या रहस्यकथालेखकानं भाषण दिलं: वॉटसन ही बाई होती आणि ती होम्सची बायको होती. पुरावे म्हणून मूळ कथांतली वाक्यं काढून दाखवली. भाषण छापून आलं आणि आजही त्याच्याकडे विद्वान माणसाची मौज म्हणूनच बघतात. त्या मंडळींनी बायकांना सदस्यत्व दिलं ते १९९१ मध्ये. होम्स आणि वॉटसन यांच्या संसाराची कल्पना तेव्हाही होतीच. जेवणाच्या टेबलावर पुरुषानं ती गमतीनं मांडली तर रसिकता, आणि बाईनं ती मनापासून, दोघांनाही पुरुषच ठेवून, लिहिली तर घाण. हा फरक नवऱ्यासमोर शांतपणे ठेवून बघा.

महाराष्ट्रात अशा वाचनाला घाण म्हणण्याची किंमत कुणी मोजली ते तर आपल्याला ठाऊक असायला हवं. र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ मध्ये त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' या मासिकावरून खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्या प्रश्नांत हस्तमैथुन होतं आणि समलैंगिकताही होती. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. सदरातल्या उत्तरासाठी माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला त्याच राज्यात तुम्ही आज हे पत्र पाठवू शकलात, आणि आम्ही त्याला उत्तर देऊ शकतो.

नवऱ्याकडे वळू. त्यानं दोन प्रश्न विचारले आहेत आणि ते दोन वेगळे आहेत. उत्तराची सुरुवात दुसऱ्यापासून करा. "माझ्यात काही कमी आहे का" याचं उत्तर मिळेपर्यंत त्याला स्टार ट्रेक, १९७४, यातलं काहीही ऐकू येणार नाही. ते उत्तर एका दमात द्या: "तुझी तुलना मी त्यांच्याशी कधी केली नाही. ते दोघं गोष्टीतले आहेत, तू माझ्या घरातला आहेस." हे खरं असेल तरच म्हणा. आणि संसारात खरंच काही खुपत असेल, तर ते स्लॅशच्या आडून सांगू नका, वेगळ्या दिवशी सरळ सांगा. या दोन गोष्टी एका संध्याकाळी मिसळल्या तर तो कायमचा समज करून घेईल की तुझं वाचन म्हणजे माझ्याविरुद्धची तक्रार.

"दोन पुरुषांचं वाचून काय मिळतं" या प्रश्नावर अभ्यासकांनीही बराच विचार केला आहे. जोअॅना रस या स्त्रीवादी लेखिकेनं १९८५ मध्ये यावर निबंध लिहिला, १९९२ मध्ये हेन्री जेंकिन्स आणि कॅमिल बेकन-स्मिथ यांची पुस्तकं आली. त्यांचं म्हणणं आणि वाचकांचा अनुभव जिथे जुळतो ते साधं आहे. बहुतेक साहसकथांमध्ये सगळ्यात नीट लिहिलेली माणसं दोन पुरुष असतात, आणि सगळ्यात खोल नातंही त्यांच्यातलंच असतं. बाई असते ती वाचवण्यापुरती किंवा मरण्यापुरती. दोघं बरोबरीचे असल्यामुळे त्यांच्या प्रेमात स्वयंपाक कुणी करायचा, नोकरी कुणी सोडायची, कुणाच्या आईकडे राहायचं, हे आधीच ठरलेलं नसतं. पुरुष हळवा होतो, घाबरतो, कबुली देतो. आणि वाचणाऱ्या बाईला पानावरच्या कुठल्या नायिकेशी स्वतःचं शरीर ताडून बघावं लागत नाही. शृंगारही आहे आणि तो आवडतो, हेही सांगा. तो नाकारलात की बाकीचं सगळं खोटं वाटेल.

काही जणींसाठी याखेरीज एक कारण असतं. २०१३ मध्ये एओथ्रीच्या वाचकांची एक पाहणी एका चाहतीनं केली, १०,००० हून अधिक जणांनी उत्तरं दिली, आणि स्वतःला निव्वळ भिन्नलिंगी म्हणवणारे त्यात निम्म्यापेक्षा कमी निघाले. ज्यांना वाटलं त्यांनीच भरलेली ती पाहणी, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये. पण वाचता वाचता स्वतःबद्दल काही उमगलं, असं पुष्कळ जणी सांगतात. तुमच्या बाबतीत तसं असेल किंवा नसेल. वाचनावरून कुणी ते ठरवू शकत नाही, आणि या भांडणाच्या दडपणाखाली तुम्हीही ते ठरवायची गरज नाही.

बोलायची वेळ नीट निवडा. रात्री अंथरुणात नको, कारण तिथे हा विषय लगेच शरीरावर येतो आणि दोघंही आखडतात. पाहुणे घरात असताना नको. जेवणानंतर फेरी मारताना बरं, समोरासमोर बघावं लागत नाही. २० मिनिटं पुरेत. लेख, पुस्तकं, दुवे यांचा मारा करू नका, माणूस त्यानं बचावाच्या पवित्र्यात जातो. आणि एक वाक्य तुमच्याकडूनही जाऊ द्या: "सगळे हसत होते तेव्हा तू 'टॅब खाली ठेव' एवढं म्हणायला हवं होतंस." तुम्ही सगळं पत्र स्वतःच्या दोषाबद्दल लिहिलं आहे. त्याचं गप्प बसणं तुम्हाला लागलं, आणि ते त्याला कळलं पाहिजे.

एक युक्तिवाद टाळा. फॅन फिक्शनचा बचाव करताना आपल्याकडे लगेच रामायण-महाभारताचा दाखला येतो: मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली, मग आमचं काय वेगळं? दुसऱ्याची पात्रं घेऊन नवं लिहिणं जुनं आहे, एवढ्यापुरता तो दाखला खरा. पण घरात आक्षेप पात्रं उसनी घेण्याला नाही, दोन पुरुषांच्या शृंगाराला आहे. त्याच्या उत्तरात रामायण आलं की सासूबाईंना ऐकू येतं ते "सूनबाई देवांनाही यात ओढते." त्या क्षणी बोलणं संपतं.

सासूबाईंना स्लॅश समजावून सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. त्यांच्यापुरती दोन वाक्यं पुरे: "आई, ते माझं खाजगी वाचन होतं. ते सगळ्यांसमोर वाचलं गेलं याचं मला वाईट वाटलं." 'घाण' या शब्दावर वाद घालू नका, पण माफीही मागू नका. माफी मागितलीत तर पुढच्या दिवाळीला तीच आठवण म्हणून सांगितली जाईल. होम्स त्यांच्या पिढीला परका नाही, भालबा केळकरांच्या मराठीतून तो कित्येक घरांत पोचला. तो धागा कधी सहज निघाला तर धरा, ओढून आणू नका. दिराशी मात्र नवऱ्यानं बोलावं. आपल्या चुलतभावाला "वहिनीचं काही उघडं दिसलं तर बंद करून ठेवायचं" हे त्यानं सांगणं आणि तुम्ही सांगणं यांत फार फरक पडतो.

आता टॅबवर पान आलं कसं? घरच्या टॅबवर तुमचंच गूगल खातं चालू असतं, आणि क्रोमचं सिंक चालू असेल तर फोनवर उघडलेली पानं आणि इतिहास टॅबवरही दिसतो. शिवाय ज्या कथांच्या नव्या प्रकरणांची सूचना मागितली आहे, त्यांच्या ईमेलचं शीर्षक टॅबच्या पडद्यावर उमटतं. टॅबवरून तुमचं खातं काढा, किंवा निदान सिंक बंद करा. अँड्रॉइडच्या बऱ्याच टॅबवर वेगळा वापरकर्ता तयार करता येतो, तो घरच्यांसाठी ठेवा. एओथ्रीसाठी नवा ईमेल पत्ता काढा, जो नोकरीच्या किंवा बँकेच्या कामात कुठेच दिलेला नाही. तिथल्या पसंतींमध्ये जाऊन वाचनाचा इतिहास बंद करता येतो आणि जुना पुसता येतो. बुकमार्क खाजगी करता येतात. पण लॉगिन असताना कुडोज, म्हणजे कथा आवडल्याची खूण, दिलेत तर त्या कथेखाली तुमचं खातेनाव सगळ्यांना दिसतं, हे पुष्कळ जणींच्या लक्षात येत नाही.

तुमच्या १४ कथांचं काय करायचं ते ठरवण्याआधी त्या उतरवून घ्या. प्रत्येक कथेच्या वर 'डाउनलोड' आहे. ईपब वाचायला सोयीचं, एचटीएमएल पुढे संपादनाला. पीडीएफही घेता येतं. अभिप्राय त्यात येत नाहीत, ते हवे असतील तर वेगळे जपा.

सगळ्यात सौम्य मार्ग कुलपाचा. कथा फक्त खातेदारांना दिसेल असं करता येतं, मग पाहुण्यांना आणि शोधयंत्रांना ती सापडत नाही. एकेक कथा उघडायची गरज नाही, 'एडिट वर्क्स'मध्ये सगळ्या एकदम निवडून हे करता येतं. याला पाच मिनिटं लागतात आणि हवं तेव्हा परत उघडता येतं. आमचा सल्ला हाच.

दुसरा मार्ग खातेनाव बदलण्याचा. दिरानं ते नाव पाहिलं आहे, म्हणून हे कराच. फक्त एक चूक टाळा: खातं तेच ठेवून नवं टोपणनाव जोडलं तर त्याच्या शेजारी कंसात मूळ खातेनाव दिसत राहतं, म्हणजे लपलं काहीच नाही. टोपणनाव जोडू नका, खातेनावच बदला.

तिसरा मार्ग कथा 'ऑर्फन' करण्याचा, म्हणजे तिला अनाथ करण्याचा. कथा आणि तिच्याखालचे अभिप्राय राहतात, लेखिका म्हणून तुमचं नाव जातं, पण हे परत फिरवता येत नाही आणि नंतर तिथला एक शब्दही दुरुस्त करता येत नाही. करायचंच असेल तर आधी टिपांमधला स्वतःचा उल्लेख, गावाचं नाव, नोकरीचं काही, सगळं काढा, कारण अनाथ झालेल्या कथेत ते तसंच राहतं. वाचकांना तुम्ही दिलेली उत्तरंही तुमच्या नावानं तिथेच राहतात, ती वेगळी पुसावी लागतात. चौथा मार्ग पुसण्याचा, तो वर आला.

गुन्ह्याबद्दल. सज्ञान व्यक्तीनं घरात असं वाचणं गुन्हा नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलैंगिक संबंधही गुन्हा नाहीत. लिहून प्रसिद्ध करण्याचा प्रश्न वेगळा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून अश्लील मजकूर प्रसिद्ध करण्याबद्दल आहे, पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. म्हणून उघड वर्णनाच्या कथांना दर्जा नेमका द्या, त्या कुलपात ठेवा, ओळखीच्या व्हॉट्सअॅप गटांवर कधीही पाठवू नका. १८ वर्षांखालच्या पात्राचं लैंगिक वर्णन लिहू नका, साठवूही नका. कलम ६७ब चित्रांपुरतं नाही, त्यात मजकूरही येतो. कथांवर पैसे मिळवू नका. होम्सच्या मूळ कथांचा स्वामित्वहक्क आता अमेरिकेतही संपला आहे, शेवटच्या कथांचा १ जानेवारी २०२३ ला. पण तुमचे शेरलॉक आणि जॉन बीबीसीच्या मालिकेतले आहेत, ती स्वामित्वहक्काखाली आहे, आणि एओथ्रीही आपल्या पानांवर विक्रीची जाहिरात करू देत नाही.

स्लॅशवरचे काही आक्षेप मात्र आम्ही मनावर घेतो, आणि तुम्हीही लेखिका म्हणून घ्यावेत. समलिंगी पुरुष विचारतात की आमचं आयुष्य तुमच्या करमणुकीचं खेळणं झालं आहे का. ज्या कथेत दोघांना घर, काम, भीती, नातेवाईक काहीच नाही, फक्त शरीर आहे, तिथे तो आक्षेप लागू पडतो. दोन पुरुषांच्या आड येते म्हणून एखाद्या स्त्रीपात्राला मूर्ख किंवा दुष्ट करून टाकणं ही जुनी खोड आहे. 'शेरलॉक'मध्ये जॉनची बायको मेरी हिच्यावर ते भरपूर झालं. आणि वर्ण. रुक्मिणी पांडे या भारतीय अभ्यासक बाईंनी २०१८ च्या पुस्तकात दाखवलं आहे की फॅन्डम, म्हणजे चाहत्यांचं जग, स्वतःला सगळ्यांचं घर म्हणवतं, पण गोऱ्या नसलेल्या पात्रांना आणि चाहत्यांना तिथे कडेला बसावं लागतं. जिवंत नटांवर कथा लिहिणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवं, ती कथा त्या नटापर्यंत पाठवू नका. तुमच्या बाबतीत भाऊबीजेला जे घडलं, त्याचीच ती दुसरी बाजू आहे.

बोलणं झालं आणि नवऱ्यानं "मग दाखव तरी" म्हटलं, तर घाईनं तुमची कथा देऊ नका. तुमच्या लेखनावरचं त्याचं मत आणि स्लॅशवरचं मत एकमेकांत अडकेल, आणि पहिल्याच वेळी ते दोन्ही सोसणं जड जाईल. आधी मालिकेचा पहिला भाग दोघांनी मिळून बघा, दीड तासाचा आहे. त्यात घरमालकीण मिसेस हडसन विचारते की दुसरी झोपायची खोली लागणार का. हॉटेलवाला दोघं प्रेमी समजून टेबलावर मेणबत्ती आणतो, आणि जॉनला "मी त्याच्याबरोबर तसा आलेलो नाही" असं सांगावं लागतं. म्हणजे ही कल्पना बायकांच्या डोक्यातून निघालेली नाही, ती निर्मात्यांनीच विनोद म्हणून पडद्यावर ठेवली, १३ भागांत पुन्हा पुन्हा ठेवली, आणि प्रत्येक वेळी हसण्यावारी नेली. चाहत्यांनी ती हसण्यावारी नेली नाही. नवऱ्याला हे डोळ्यांनी दिसलं की तुमचं निम्मं बोलणं वाचेल.

मग एक कथा शोधा. एओथ्रीच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) दर्जा 'सर्वांसाठी' ठेवा, गंभीर इशाऱ्यांपैकी एकही नको, फक्त पूर्ण झालेल्या कथा, शब्दसंख्या १,००० ते ३,०००, आणि क्रम कुडोजनुसार. आलेल्या पहिल्या दहांतून अशी निवडा जिच्यात ते दोघं चहा करताहेत, भांडताहेत, एखादी चोरी उलगडताहेत, आणि शेवटी एकानं दुसऱ्याचा हात धरला आहे. ती तुम्ही आधी पुन्हा पूर्ण वाचा. त्याला वाचायला द्या आणि तो वाचत असताना शेजारी बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहू नका, दुसऱ्या खोलीत जा.